लिफ्ट जुनी झाली, म्हणजे नेमकं काय जुनं झालं?

आमची सोसायटी मीरा रोड पूर्वेला आहे. तळमजला आणि वर सात मजले, नव्वदच्या दशकातलं बांधकाम. लिफ्ट एकच, जाळीच्या दरवाजांची. आत ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी आहे. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांना असली लिफ्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मागच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला: लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची? सभा नेहमीसारखीच झाली. एक काका म्हणाले, “तीस वर्षं होत आली, आता काढून टाका.” दुसरे म्हणाले, “जुनं मशीन आहे, लोखंड बघा त्याचं, नवीन लिफ्टमध्ये असं मिळणार नाही.” तळमजल्यावरचे म्हणाले, “आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरायचं?” (आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा देखभाल खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान भरायचा असतो, वापर असो वा नसो. पण हा वाद दर वर्षी होतोच.) सहाव्या मजल्यावरच्या आजी शेवटी एवढंच म्हणाल्या, “मला डायलिसिसला आठवड्यातून तीनदा खाली उतरावं लागतं. काय ते लवकर ठरवा.”

मी संख्याशास्त्रात पीएचडी करते, विषय विश्वासार्हता, म्हणजे वस्तू कधी आणि कशा बिघडतात याचं गणित. साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वॉचमनकाकांकडची बिघाडांची वही घरी नेली, आकडेमोड केली आणि पुढच्या बैठकीत आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं. ते कसं चुकलं आणि कोणी दुरुस्त केलं, ते या लेखात सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातून सूत्रांपेक्षा जास्त काही मिळेल असं वाटतं.

आधी यंत्र समजून घेऊ

लिफ्टची केबिन मोटर ‘उचलते’ असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये एक खाचा असलेली पुली असते. तिच्यावरून पोलादी दोर जातात. दोरांच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. काउंटरवेटचं वजन साधारणपणे रिकामी केबिन अधिक निम्मा भार इतकं ठेवतात. समजा केबिन ६०० किलोची आहे. मग काउंटरवेट ६०० अधिक २०४, म्हणजे ८०४ किलो. केबिन पूर्ण भरली तर तिकडे १००८ किलो. मोटरला झगडायचं ते फक्त फरकाशी, म्हणजे २०४ किलोशी.

दोर पुलीला बांधलेले नसतात. ते घर्षणावर धरलेले असतात. दोन बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर एका मर्यादेत असेल तोवर दोर घसरत नाही. ही मर्यादा ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या सूत्रातून निघते: घर्षणांक गुणिले वेढ्याचा कोन, त्याचा घातांकी. दोर अर्धा वेढा घेतो, म्हणजे कोन ३.१४ रेडियन. परिणामी घर्षणांक ०.२ धरला तर मर्यादा येते सुमारे १.८७. आपलं गुणोत्तर १००८ भागिले ८०४, म्हणजे १.२५. जागा आहे. पण पुलीच्या खाचा झिजल्या की त्यांचा आकार बदलतो, आकार बदलला की परिणामी घर्षणांक बदलतो. झिजलेल्या पुलीवर नवा कोरा दोर चढवला तर तोही लवकर खराब होतो. म्हणजे ‘दोर बदलला, काम झालं’ असं नाही. एका भागाचं आयुष्य दुसऱ्या भागाच्या तब्येतीवर अवलंबून असतं.

दोर तुटला तर? केबिन थेट खाली कोसळते, हे सिनेमातलं चित्र. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच फळीवर उभं राहून दोर कापून दाखवला होता, आणि फळी जागच्या जागी अडकली. आजच्या लिफ्टमध्ये तेच काम गव्हर्नर आणि सेफ्टी गियर करतात. वेग ठरलेल्यापेक्षा किमान १५ टक्क्यांनी वाढला की गव्हर्नर सुटतो आणि सेफ्टी गियर गाइड रेलला घट्ट पकडतं.

आता यादी करा: गाइड रेल, काउंटरवेट, केबिनची चौकट, मोटर, गियर, पुली, दोर, ब्रेक, कंट्रोल पॅनल, दरवाजे, दरवाजांचे लॉक, गव्हर्नर, सेफ्टी गियर. सभेत आपण या सगळ्यांना मिळून एकच वय दिलं होतं.

वय मोजायचं कशात?

गाइड रेल म्हणजे भिंतीला ठोकलेला पोलादाचा रूळ. गंज चढला नाही, वाकला नाही, तर त्याला तीस वर्षं म्हणजे काहीच नाही. काउंटरवेटचंही तसंच. लिफ्टमधलं बरंचसं वजन, आणि म्हणून ते बनवायला खर्च झालेली बरीचशी ऊर्जा, याच भागांत असते.

दोराचं वय वर्षांत मोजून उपयोग नाही. दोर दर फेरीत पुलीवरून वाकतो आणि सरळ होतो. वाकणं-सरळ होणं लाखो वेळा झालं की आतली एकेक तार तुटू लागते. याला धातूचा थकवा म्हणतात. गंमत म्हणजे या थकव्याचा अभ्यास उचलयंत्रांपासूनच सुरू झाला. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी उचलण्याच्या साखळ्यांवर पुन्हापुन्हा भार देऊन चाचण्या केल्या आणि १८३७ मध्ये निष्कर्ष छापले. साखळ्या तुटतात म्हणून त्यांनीच १८३४ च्या सुमारास तारांचा पिळलेला दोर वापरात आणला. तेव्हा दोराचं वय म्हणजे फेऱ्या. पुलीचा व्यास दोराच्या व्यासाच्या किमान ४० पट हवा हा नियमही त्याचसाठी: पुली जितकी मोठी, तितकं वाकणं सौम्य.

कंट्रोल पॅनलमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं वय तापमानात मोजावं लागतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं तर त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. हा अऱ्हेनियसच्या समीकरणाचाच घरगुती अवतार आहे, बारावीच्या रसायनशास्त्रात शिकलेला. गच्चीवरची बंद मशीन रूम मे महिन्यात कशी तापते ते एकदा आत जाऊन बघा. तिथे एक एक्झॉस्ट फॅन लावणं हीसुद्धा लिफ्टची दुरुस्तीच आहे.

खड्ड्याचं, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या भागाचं वय पावसाळ्यांत. आपल्याकडे एका बाजूला वसईची खाडी, भाईंदरला मिठागरं, हवा खारट आणि दमट. खड्ड्यात पाणी साचलं की तळाचे बफर, खालचे स्विच आणि रेलची खालची टोकं गंजतात.

आणि दरवाजे? त्यांचं वय उघडझापीत. एका फेरीत केबिनचा दरवाजा आणि मजल्याचा दरवाजा, दोन्ही, निघताना आणि पोचल्यावर हलतात. त्यात ते लोकांच्या हातात. कोणी हळू लावतं, कोणी आदळतं.

थोडक्यात, ‘तीस वर्षं’ हे लिफ्टचं वय नाही, ते इमारतीचं वय आहे. प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं चालतं. संशोधनात याला मोजमापाचं एकक ठरवणं म्हणतात, आणि बहुतेक प्रबंध अडतात ते इथेच.

जुनं म्हणजे बिघडणारं, हे नेहमी खरं नसतं

विश्वासार्हतेच्या अभ्यासात वायबुल वितरण सतत वापरलं जातं. स्वीडिश अभियंते वालोडी वायबुल यांच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यातला बीटा हा आकडा आपल्याला हवा आहे.

बीटा १ पेक्षा कमी: भाग नवा असताना जास्त बिघडतो, टिकला तर पुढे धोका कमी होतो.
बीटा १ च्या आसपास: बिघाडाचा वयाशी संबंध नाही. विजेचा झटका, उंदराने कुरतडलेली वायर.
बीटा १ पेक्षा जास्त: झीज. वय वाढेल तसा धोका वाढतो.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. चालू स्थितीतला भाग ‘जुना झाला’ म्हणून आधीच बदलण्यात अर्थ आहे तो फक्त बीटा १ पेक्षा जास्त असेल तेव्हा. बीटा १ असेल तर नवा भाग जुन्याइतकाच बिघडणार. बीटा १ पेक्षा कमी असेल तर आपण पैसे देऊन धोका वाढवला.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचे नाउलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी विमान देखभालीवर अहवाल लिहिला. त्यांच्याकडच्या आकड्यांत वयाबरोबर बिघाड वाढण्याची खूण फक्त ११ टक्के प्रकारच्या भागांत दिसली. बाकी ८९ टक्क्यांना ठराविक वयाला बदलून फायदा नव्हता. लिफ्ट म्हणजे विमान नव्हे, त्यामुळे ११ हा आकडा उचलून लिफ्टला लावू नका. उचलायचा तो प्रश्न: या भागाचा बिघाड खरंच वयाबरोबर वाढतो का?

आणखी एक जुना किस्सा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनराड वॉडिंग्टन नावाचे जीवशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या गटाने बघितलं की विमानाची ठरलेली तपासणी झाली की लगेच बिघाड वाढतात, मग हळूहळू कमी होतात, पुढच्या तपासणीपर्यंत. म्हणजे तपासणीतली उघड-जोड स्वतःच बिघाड घडवत होती. आमच्या सोसायटीत म्हणतातच, “सर्व्हिसिंग झालं ना, आता दोन दिवस लिफ्ट बंद.” या वाक्यात निरीक्षण पक्कं आहे.

आता माझी चूक

वही घरी आणली. नोंदी अशा: तारीख, ‘लिफ्ट बंद’, ‘चालू झाली’, सही. मी बिघाडांच्या तारखा घेतल्या आणि बघितलं की काळाबरोबर त्या जवळजवळ येत आहेत का.

इथे एक फरक लक्षात ठेवा. वायबुल वितरण लागू होतं ते बदलून टाकायच्या वस्तूला, उदाहरणार्थ बल्ब. लिफ्ट ही दुरुस्त होत राहणारी व्यवस्था आहे. ती बिघडते, सुधारते, पुन्हा बिघडते. तिथे बघायचा असतो बिघाडांचा क्रम. ॲशर आणि फाइनगोल्ड यांनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात हा फरक ठासून मांडला आहे, तरीही आजसुद्धा शोधनिबंधांत या दोघांची गल्लत सापडते.

क्रमासाठी सगळ्यात सोपी चाचणी लाप्लासची. कल्पना अशी: बिघाड वाढत किंवा घटत नसतील तर ते पूर्ण कालावधीत पसरलेले असतील, म्हणून त्यांच्या वेळांची सरासरी कालावधीच्या मध्याजवळ येईल. सरासरी मध्याच्या बरीच पुढे गेली, तर बिघाड शेवटाकडे गर्दी करत आहेत.

वहीतले खरे आकडे सोसायटीचे आहेत, ते इथे देत नाही. समजण्यासाठी बनवलेले आकडे घेऊ. २४ महिन्यांत १० बिघाड, या महिन्यांच्या शेवटी: २, ५, ९, १२, १५, १७, १९, २१, २२, २३.

सरासरी १४.५. मध्य १२. फरक २.५. याला भागायचं कालावधी भागिले (१२ गुणिले बिघाडांची संख्या) याच्या वर्गमुळाने, म्हणजे २४ भागिले १२० चं वर्गमूळ, जवळपास २.१९. उत्तर १.१४. नेहमीची ५ टक्क्यांची पातळी धरली तर सीमा १.९६. आपण खाली आहोत. ‘बिघाड वाढत असल्याचा पुरेसा पुरावा नाही.’

खऱ्या वहीतूनही मला असंच उत्तर आलं होतं, आणि मी बैठकीत जाऊन सांगितलं, “बिघाड वाढत नाहीयेत. आहे तशी दुरुस्ती चालू ठेवू.”

पहिली चूक तिथेच झाली. ‘पुरावा नाही’ आणि ‘वाढत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दहा नोंदींत चाचणीची ताकदच कमी असते. हे मी ज्युनियरना शिकवते, आणि स्वतः सभेत विसरले.

दुसरी चूक मेकॅनिकदादांनी दाखवली. ते त्या दिवशी बैठकीला आले होते. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, तुम्ही सगळं एकत्र धरलंत. दाराचं वेगळं धरा. मोटर, गियर, सगळं ठणठणीत आहे. मी येतो तो दाराच्या लॉकसाठीच येतो.”

वहीत कारण लिहिलेलं नव्हतं. कारणं त्यांच्या सर्व्हिसच्या पावत्यांवर होती. त्या मागवल्या आणि परत बसले.

आपल्या बनवलेल्या आकड्यांवर तेच करू. समजा १० पैकी ७ बिघाड दरवाजाच्या लॉकचे होते: ९, १५, १७, १९, २१, २२, २३. बाकीचे तीन, म्हणजे २, ५ आणि १२, इतर कारणांचे. सातांची सरासरी १८, मध्यापासून फरक ६. भाजक २४ भागिले ८४ चं वर्गमूळ, म्हणजे २.६२. उत्तर २.२९. सीमेच्या वर.

तेच दहा बिघाड. एकत्र धरले तर कल दिसत नाही, वेगळे केले तर स्पष्ट दिसतो. लिफ्ट म्हातारी झाली नव्हती. लॉक झिजले होते. इतर बिघाडांनी तो कल झाकून टाकला होता.

पण थांबा, इथे तिसरा खड्डा आहे. आकडे बघून झाल्यावर, जो गट ‘चांगला’ दिसतो तो वेगळा काढून चाचणी केली तर काहीही सिद्ध करता येतं. पाच-सहा प्रकारे गट पाडून बघा, कुठेतरी १.९६ ओलांडलं जाईलच. म्हणून गट आधी ठरवायचे, आणि ते यंत्राच्या रचनेवरून ठरवायचे, उत्तरावरून नाही. दादांनी मला सांगितलेली विभागणी त्यांच्या अनुभवातून आली होती, माझ्या निकालातून नाही. तरीही मी ती ‘शक्यता’ म्हणूनच मांडली आणि पुढच्या सहा महिन्यांच्या नोंदींवर तपासायचं ठरवलं. सात नोंदी म्हणजे काही मोठा विदा नव्हे.

दरवाजाच का?

आमच्या लिफ्टला आठ मजल्यांचे आठ दरवाजे आणि केबिनचा एक, असे नऊ. प्रत्येकाचा एक विद्युत संपर्क. सगळे एका ओळीत जोडलेले. नऊच्या नऊ बंद असतील तरच लिफ्ट हलते. प्रत्येक संपर्क हजारात ९९९ वेळा बरोबर चालतो असं धरलं, तरी नऊ मिळून ०.९९९ चा नववा घात, म्हणजे सुमारे ०.९९१. हजारात नऊ वेळा लिफ्ट अडणार. एकेक भाग उत्तम, पण ओळ लांब.

आणि हे अडणं चांगलं आहे! दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट हलायलाच नको. म्हणजे वहीतला ‘लिफ्ट बंद’ हा बिघाड खरं तर सुरक्षेची व्यवस्था काम करत असल्याची नोंद आहे.

आता हा संपर्क सारखा त्रास देतोय म्हणून कोणी त्याला वायर टाकून शॉर्ट केला तर? लिफ्ट सुरळीत चालेल. वहीतले बिघाड कमी होतील. माझा आलेख सुंदर दिसेल. आणि एखाद्या मजल्यावर दार उघडं असताना केबिन निघून जाईल. असे अपघात झालेले आहेत. मोजायला सोपा आकडा सुधारला म्हणून हवी ती गोष्ट सुधारली, असं होत नाही. ‘चालू आहे’ आणि ‘सुरक्षित आहे’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. हे काम परवानाधारक माणसानेच करायचं, आणि शॉर्ट केलेला संपर्क दिसला तर लिफ्ट बंद ठेवायची, सहाव्या मजल्यावर कोणीही राहत असलं तरी.

‘पूर्वीचं मशीन भक्कम’ हे किती खरं?

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत जाळीच्या लिफ्ट अजून चालतात. त्या बघून वाटतं, तेव्हाचं कामच वेगळं. असेलही. पण आपण बघतो त्या टिकलेल्या लिफ्ट. ज्या बिघडल्या त्या केव्हाच भंगारात गेल्या, त्या आपल्या नमुन्यात नाहीतच. महायुद्धात परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजून चिलखत कुठे लावायचं हे ठरवू नका, न परतलेल्यांचा विचार करा, हा अब्राहम वाल्ड यांचा मुद्दा तोच आहे. जुन्या लिफ्ट टिकण्यामागे अजून एक कारण असतं: कोणीतरी त्यांची नीट निगा राखली. मग टिकण्याचं श्रेय पोलादाला द्यायचं की देखभालीला? निरीक्षणांतून हे वेगळं करणं अवघड जातं.

दुरुस्ती कुठे थांबते

मी दुरुस्तीच्या बाजूची आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणूनच विरुद्ध बाजू नीट मांडते.

एक, रचनेतली उणीव दुरुस्तीने जात नाही. जाळीच्या दरवाजातून लहान मुलाचा हात किंवा पाय बाहेर येऊ शकतो. जाळी कितीही तेलपाणी करून गुळगुळीत ठेवली तरी तो धोका तसाच राहतो. दार उघडं असताना केबिन अचानक हलली तर तिला थांबवणारी सोय जुन्या लिफ्टमध्ये नसते. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारी सोयही नसते. इथे दुरुस्ती नाही, सुधारणाच लागते. पण सुधारणा म्हणजे सगळं काढून टाकणं असंही नाही. युरोपात २००३ मध्ये ईएन ८१-८० हे मानक आलं. त्यात जुन्या लिफ्टमधल्या ७४ धोक्यांची यादी आहे, आणि कल्पना अशी की धोका मोठा तो आधी, असं टप्प्याटप्प्याने लिफ्ट सुधारायची. ‘बदला’ आणि ‘दुरुस्त करा’ यांच्या मधला हा तिसरा रस्ता आमच्या सभेत कोणी उच्चारलाच नव्हता.

दोन, सुटे भाग. रिले असलेलं जुनं पॅनल स्थानिक मेकॅनिक उघडून, बघून, दुरुस्त करू शकतो. नव्या पॅनलचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कंपनीच्या उपकरणाशिवाय उघडत नाही. म्हणजे बदलताना आपण पुढच्या वीस वर्षांचा दुरुस्तीचा हक्क कोणाकडे देतोय, हेही बघायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. सुरुवातीची क्षेत्रं होती शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. लिफ्ट त्यात नव्हती. तेव्हा कोटेशन घेतानाच विचारा: मॅन्युअल मिळणार का, पासवर्ड कोणाकडे, दुसरा मेकॅनिक हे पॅनल हाताळू शकेल का?

तीन, कायदा. १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा बरीच वर्षं चालला, त्याच्या जागी महाराष्ट्राने लिफ्ट, सरकते जिने आणि मूव्हिंग वॉक यांच्यासाठी २०१७ चा कायदा केला. परवाना, सरकारी तपासणी, मोठ्या फेरबदलाला परवानगी, हे सगळं पाळूनच दुरुस्ती करायची.

चार, इमारतीचं स्वतःचं उरलेलं आयुष्य. आमच्याकडे प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतंच, “रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग लिफ्टवर खर्च कशाला?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. इमारत पाच वर्षांत पडणार असेल तर वीस वर्षांच्या लिफ्टचा हिशेब बसत नाही. पण ‘होणार आहे’ या आशेवर धोकादायक दरवाजा पाच वर्षं तसाच ठेवणं हाही निर्णयच आहे, फक्त त्याच्यावर कोणाची सही नसते.

शेवटी काय ठरलं

गाइड रेल, काउंटरवेट, केबिनची चौकट, मोटर आणि गियर ठेवायचं. दरवाजे आणि त्यांचे लॉक पूर्ण नवे बसवायचे. पॅनल बदलायचं, पण कुठल्याही मेकॅनिकला हाताळता येईल असंच. पुली आणि दोर दोन्ही एकत्र तपासून घ्यायचे. मशीन रूमला एक्झॉस्ट फॅन, खड्ड्याला पाणी उपसायची सोय. आणि वहीत तीन नवे रकाने: कोणता भाग, काय केलं, तोवर झालेल्या फेऱ्या. शेवटच्या रकान्यासाठी पॅनलमध्ये फेऱ्या मोजणारा काउंटर मागितला आहे. काम होईपर्यंत आजींसाठी खुर्चीवरून उतरवायची पाळी चार तरुणांनी वाटून घेतली आहे.

संशोधन सुरू करणाऱ्यांना यातून तीन गोष्टी सांगते. विदा हातात आला की लगेच चाचणी लावू नका, आधी विचारा की ही नोंद कोणी, कशासाठी केली आणि तिच्यात काय लिहिलेलंच नाही. ‘वय’, ‘गुणवत्ता’, ‘प्रगती’ असा एकच शब्द वापरून प्रश्न विचारला जात असेल, तर त्या शब्दाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाचं एकक लिहून काढा. आणि ज्या यंत्रावर, शेतावर किंवा रुग्णालयावर तुम्ही काम करताय, तिथे रोज हात घालणाऱ्या माणसाला आकडेमोड करण्याआधी भेटा. मी नंतर भेटले, म्हणून मला सभेत दोनदा उभं राहावं लागलं.

सहा महिन्यांच्या नोंदी जमल्या की लाप्लासची चाचणी पुन्हा लावणार आहे. या वेळी गट आधीच लिहून ठेवले आहेत, वहीच्या पहिल्या पानावर, तारखेसह.